रोहिणीचे पाणी, भीमेचे पाणी

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पवित्र स्मृतीस त्रिवार वंदन करून आम्ही चार शब्द बोलणार आहोत. चाराचे किती होतील ते सांगता येत नाही. भन्तेजींनी खूण केली की थांबू.

समितीने आम्हाला विषय दिला, ‘हवामान बदल आणि आपला विकास’. विषय कळल्यावर एकदोघे म्हणाले, हा विषय प्राध्यापकाला द्यायचा, गिरणीवाल्याला कशाला? खरं आहे. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. जे काही वाचलं ते पाळी संपल्यावर, याच विहाराच्या कपाटातली पुस्तकं काढून वाचलं. पण उन्हाचा विषय मात्र आमचाच आहे. आम्ही रिंग खात्यात काम करतो. सुताला दमट हवा लागते. हवा कोरडी पडली की धागा तुटतो, म्हणून खात्यात हवा मुद्दाम ओली ठेवतात. बाहेर चव्वेचाळीस अंश आणि आत ओला उकाडा. मालाची काळजी घेतली जाते, माणसाचा घाम मात्र अंगावरच राहतो, वाळत नाही. तेव्हा हवामान बदल लोकांना पेपरात दिसला असेल, आम्हाला तो पाळीवर भेटला.

आणि तो फक्त उन्हात नाही. गेली काही वर्षे आठवून बघा. २०१२-१३ साली दुष्काळ. २०१५-१६ ला पुन्हा दुष्काळ. २०२० च्या ऑक्टोबरात असा पाऊस की पंढरपूरला भीमा घराघरांत शिरली. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला. आणि २०२५ चा सप्टेंबर तर कुणीच विसरणार नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या तोंडावर सीना नदीला महापूर आला. माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर तालुक्यांतल्या गावांत पाणी शिरलं, उभी पिकं गेली, जनावरं वाहून गेली, शेताची मातीसुद्धा गेली. आपल्या विहारातून भाकरी आणि कपडे घेऊन जी मुलं गेली होती, त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. ज्या सीनेत उन्हाळ्यात पोरं क्रिकेट खेळतात, तीच ही सीना.

आता मोठमोठ्या सभांमधून एक गोष्ट सांगितली जाते. गाव, शहर, जिल्हा, सरकार, संस्था, कारखानदार सर्वांनी भागीदारी करावी, म्हणजे या संकटातूनच रोजगार आणि उत्पन्न उभे राहील. आम्हाला हा विचार पटतो. एकट्या गावाने नदी आवरत नाही आणि एकट्या शहराला पाणी आणता येत नाही. पण आम्ही गिरणीत आयुष्य काढलेलं आहे, म्हणून एक प्रश्न विचारतो. भागीदार कुणाला म्हणायचं? दुकानात भागीदार असतो त्याची वहीवर सही असते आणि नफ्यात वाटा असतो. हमालही त्याच दुकानात असतो, पण त्याला कुणी भागीदार म्हणत नाही. तेव्हा या भागीदारीत आपण कोण, भागीदार की हमाल, एवढंच आज आम्हाला बोलायचं आहे.

मित्रहो, वर्षावासात दरवर्षी आपण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन करतो. सिद्धार्थाने घर का सोडले, हे बाबासाहेबांनी त्यात कसं सांगितलं आहे? म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सोडले, ही जुनी गोष्ट बाबासाहेबांनी मान्य केली नाही. त्यांनी सांगितलं, रोहिणी नदीच्या पाण्यावरून सोडले. शाक्य आणि कोलिय यांच्या राज्यांमधून रोहिणी वाहत होती. दोघांचीही शेती तिच्यावर. पाणी आधी कुणी घ्यायचं आणि किती घ्यायचं, यावरून दर हंगामात तंटा. सिद्धार्थ अठ्ठावीस वर्षांचा असताना मोठी मारामारी झाली. इथे नीट लक्ष द्या. मारामारी कुणाची झाली? दोन्हीकडच्या सेवकांची. जमिनी मालकांच्या, पीक मालकांचं, आणि डोकी फुटली ती राबणाऱ्यांची.

सेनापतीने संघात युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ उभा राहिला. तो म्हणाला, आधी चौकशी करा, आगळीक कुणाची ते बघा. आपण दोन माणसं निवडू, कोलियांनी दोन निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. बहुमताने सिद्धार्थाचं ऐकलं नाही. मग त्याने देशत्याग पत्करला, पण पाण्यासाठी रक्त सांडायला हात दिला नाही. पुढे तो निघून गेल्यावर लोकांनीच युद्धाविरुद्ध आवाज उठवला आणि दोन्ही राज्यांनी लवाद नेमून पाण्याचा तंटा सोडवायचं ठरवलं, हेही त्याच ग्रंथात आहे. दोन प्रदेशांनी एका नदीसाठी केलेली भागीदारी अशी आपल्या घरातल्या ग्रंथात आहे. आपण ती दरवर्षी वाचतो आणि ग्रंथ कपड्यात बांधून ठेवतो.

आम्हीही तसेच बांधून ठेवणारे होतो. ते कसं सुटलं, ते सांगतो. इथे बसलेल्या पुष्कळांना ही गोष्ट माहीत आहे, पण तरुणांसाठी सांगायला पाहिजे.

२०१६ चा उन्हाळा. त्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. आपल्या वस्तीत बोअर एक आणि गल्ल्या दोन. अलीकडे आपण, पलीकडे पद्मशाली विणकरांची घरं. रात्री दोनपासून घागरींची रांग. एका पहाटे रांगेवरून शब्दाला शब्द लागला, घागरी भिरकावल्या गेल्या, आपल्या एका भगिनीच्या आणि पलीकडच्या एका भगिनीच्या डोक्याला टाके पडले. संध्याकाळी आपली पोरं काठ्या घेऊन विहारासमोर जमली. पलीकडेही तसंच. आम्हीही त्या जमावात होतो. शांत करायला गेलो होतो, असं आम्ही आज म्हणणार नाही.

तेव्हा एक आज्जी, आता त्या हयात नाहीत, विहाराच्या पायरीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “तीन-तीन महिने त्यो ग्रंथ वाचताव, आन् बोअरवर काठ्या घेऊन निघालाव व्हय रं?” बस, एवढंच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. वाचन चालू असताना त्या भिंतीला टेकून ऐकत असायच्या. आम्ही वाचत होतो आणि त्या ऐकत होत्या, हा फरक त्या दिवशी कळला.

मग आपण दोन माणसं दिली, पलीकडच्यांनी दोन दिली. चौघांनी मिळून पाचव्या म्हणून तेलुगू शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंना निवडलं. पाचांनी पहिलं काम काय केलं, तर घरोघरी जाऊन डोकी मोजली. घर मोठं का लहान, मालकीचं का भाड्याचं, ते बघायचं नाही. माणशी दोन घागरी. आजारी असेल, बाळंतीण असेल तर एक जास्त.

दुसरं काम, बोअरचं पाणी जातं कुठं ते बघितलं. आणि बंधू-भगिनींनो, पाईप निघाला तो आमच्याच घराच्या मागच्या भिंतीला. मुलाने एक खोली वाढवायला काढली होती. रात्री मोटर चालू असताना तो नळी जोडायचा. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण आम्ही विचारलंही नव्हतं. पिंप भरलेलं दिसत होतं आणि आम्ही तोंड धूत होतो. अदिन्नादाना वेरमणी आम्ही दर रविवारी म्हणत होतो, आणि न दिलेलं घेणं आमच्या घरात चालू होतं. पाचांसमोर आम्ही उभे राहिलो. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी दंड सांगितला, पंधरा दिवस पहाटेची मोटर आम्ही चालवायची आणि यादीप्रमाणे दोन्ही गल्ल्यांच्या घागरी भरून द्यायच्या. आम्ही ते केलं. दुसऱ्याच्या घागरीखाली नळी धरली की पाण्याची किंमत कळते.

त्या पावसाळ्याआधी दोन्ही गल्ल्यांनी वर्गणी काढून आपल्या विहाराच्या आणि त्यांच्या सभागृहाच्या छताचं पाणी पाईपने खाली आणलं आणि वाळू-खडीचा खड्डा करून बोअरजवळ मुरवलं. त्यानंतर बोअर कधी आटलंच नाही, असं आम्ही छातीठोक सांगणार नाही. पुढे २०१९ च्या उन्हाळ्यात ते पुन्हा आटायला आलं होतं. पण भांडण झालं नाही. माणशी दोनाची एक घागर झाली, ती दोन्हीकडे झाली. आणि आर्थिक विकास म्हणाल तर तोही झाला. आपल्या आणि पलीकडच्या पुष्कळ भगिनी बिड्या वळतात. रांगेतले दोन तास वाचले की दोनशे बिड्या जास्त होतात. ज्या घरात आठवड्याचा हिशोब हजार बिड्यांवर असतो, तिथे हा विकास लहान नाही.

हे वस्तीचं झालं. आता जिल्ह्याकडे आणि राज्याकडे वळू. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्या खात्याकडे होते, हे आपल्यातल्याही पुष्कळांना माहीत नसतं. १९४३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला. दामोदर बिहारातून बंगालात जाणारी. बाबासाहेबांनी भूमिका घेतली की नदीला प्रांताची हद्द कळत नाही, सबंध खोऱ्याचा एकत्र विचार करा. पूर अडवा, त्यातूनच वीज काढा, त्यातूनच शेतीला पाणी द्या. केंद्र, बंगाल आणि बिहार अशा तिघांच्या भागीदारीतून १९४८ च्या कायद्याने दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे महानदीच्या प्रश्नावर बोलताना त्यांनी जे सांगितलं, त्याचा सारांश असा की जादा पाण्याला संकट समजणं चूक आहे, पाणी ही जनतेची संपत्ती आहे, निसर्गाला दोष देत बसण्यापेक्षा ते साठवा आणि वापरा. संकटातून विकास ही गोष्ट आज नवी म्हणून सांगतात. आपल्या बापाने ती ऐंशी वर्षांपूर्वी सांगितली.

पण ते लक्षात ठेवताना महाडही लक्षात ठेवायला पाहिजे. २० मार्च १९२७. तळं भरलेलं होतं, तरी आपल्याला त्यातलं ओंजळभर घेता येत नव्हतं. म्हणजे प्रश्न दोन आहेत. पाणी साठवायचं कसं, आणि साठवलेलं कुणाला मिळायचं. पहिल्या प्रश्नावर सगळे बोलतात. दुसरा प्रश्न आपण विचारला नाही तर कुणी विचारत नाही.

आता बघा, आपल्या महाराष्ट्रात याबाबत काय घडलं. १९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला. सुकडी खाऊन, खडी फोडून दिवस काढले. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. त्यातून रोजगार हमी योजना आकाराला आली. वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, १९७७ मध्ये कायदा झाला. या योजनेला पैसा कुठून आला? १९७५ साली व्यवसाय कर लागू झाला तो यासाठी. गिरणीतल्या, बँकेतल्या, शाळेतल्या माणसाच्या पगारातून तो कापला गेला आणि तेवढीच रक्कम सरकारने आपल्या बाजूने घालायची, असा नियम होता. आम्ही पहिलं पगारपत्रक हातात घेतलं तेव्हा हा कसला कर म्हणून कुरकुर केली होती. एका जुन्या कामगाराने सांगितलं, “अरे, तुझी चुलती ज्या नाला बांधावर माती टाकते ना, तिचा पगार आहे तो.” शहराने गावाशी केलेली ही खरी भागीदारी होती. पुढे २००५ साली हाच विचार देशाच्या कायद्यात गेला.

परंतु त्या भागीदारीतही एक खोट राहिली. बांध घातला भूमिहीनाने. पाणी मुरलं आणि वाढलं ते बांधाखालच्या विहिरीत. विहीर होती जमीनवाल्याची. मजुराला मजुरी मिळाली, ती त्याच आठवड्यात बाजारात संपली. विहीर मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहिली.

ही खोट ओळखणारा एक माणूस होता, विलासराव साळुंखे. पुण्याचे कारखानदार, इंजिनिअर. बहात्तरच्या दुष्काळानंतर त्यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात देवस्थानची ओसाड जमीन घेऊन काम सुरू केलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम पाठ करून ठेवण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. आणि ज्याला जमीन नाही, त्यालाही पाण्याचा वाटा. खर्चाचा वीस टक्के भाग मात्र लाभधारकांनी स्वतः घालायचा. आपल्या बोअरवर आपण डोकी मोजली तेव्हा आम्हाला पाणी पंचायत माहीत नव्हती. नंतर वाचलं आणि वाटलं, न्यायाने वाटायला बसलं की माणूस त्याच हिशोबाला पोचतो.

आपल्या जिल्ह्यातही काम झालेलं आहे. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ ला तीन तालुक्यांत सुरू झाली आणि पुढे पंच्याहत्तरच्या वर तालुक्यांत पसरली. गावाने श्रमदान करायचं, संस्थेने शिकवायचं, सरकारने योजना जोडायच्या, यंत्रांसाठी दुसऱ्या संस्थांनी हात द्यायचा. २०१९ साली राज्यात पहिलं आलं ते आपल्या बार्शी तालुक्यातलं सुर्डी. पंच्याहत्तर लाखांचं बक्षीस. सोलापूरकर म्हणून आम्हाला त्याचा अभिमान आहे. नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं, हिवरे बाजार तर सर्वांना ठाऊक आहे. तिथे पाऊस मोजतात, पडलेल्या पावसावर ग्रामसभेत पिकं ठरवतात, शेतीसाठी बोअर पाडायला बंदी, उसाला बंदी. संकटातून उत्पन्न कसं काढायचं, हे त्या गावाने करून दाखवलं.

पण उन्हात श्रमदान करणाऱ्या आपल्या गावाकडच्या भावांना आमचं सांगणं आहे, टिकाव जरूर उचला, मात्र टिकाव खाली ठेवण्याआधी ग्रामसभेत उभं राहून विचारा, वाढलेल्या पाण्यात भूमिहीनाचा वाटा कोणता? गावतळ्यातली मासेमारी त्याला द्या, तळ्यातला गाळ विकत असाल तर त्यात हिस्सा द्या, पडीक जमीन कसायला आणि तिला पाणी द्या. वाटा मागणं म्हणजे भांडण नव्हे. रोहिणीच्या काठी सिद्धार्थाने तेच केलं.

आता थोडं आपल्या पिकांबद्दल. आपल्या जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने आहेत. कृषी मूल्य आयोगाच्या अहवालात आलेलं आहे की महाराष्ट्रात चार टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाचं सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी पितो. उसावर राबणारे, ऊसतोड करणारे आपलेच लोक आहेत, म्हणून आम्ही कारखाने बंद करा म्हणत नाही. पण दुष्काळी मुलखाचं खरं धन दुसरं आहे. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी थंडीतल्या दवावर आणि जमिनीतल्या ओलीवर येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. केगावला २००५ पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. हे सगळं कमी पाण्याचं धन आहे.

आणि यात आपला वाटा कुठे? आपल्या महिला मंडळाच्या भगिनी कडक भाकरी करतात. ही भाकरी महिनाभर टिकते आणि पुण्या-मुंबईला जाते. आज त्या ज्वारी दुकानातून पोत्याने घेतात. मंगळवेढ्याच्या शेतकरी गटाकडून सुगीला थेट घेतली तर शेतकऱ्याला दोन पैसे जास्त, भगिनींना दोन पैसे स्वस्त, आणि उसाऐवजी ज्वारी पेरायला एक कारण. सोलापूर शहर आणि मंगळवेढा तालुका यांची ही प्रादेशिक भागीदारी. तिला मंत्र्याची सही लागत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो तातडीचा आहे. सोलापूरचं ऊन आता पीक झालेलं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या विजेसाठी सौर प्रकल्प उभे राहत आहेत. २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये ठरले. कोळशाचा धूर कमी होईल, शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल, रात्री साप-विंचवाच्या भीतीत मोटर चालू करायला जावं लागणार नाही. योजना चांगली आहे, आम्ही तिचं स्वागत करतो. पण या योजनेत सरकारी आणि गायरान जमिनीही घेतल्या जातात. गायरान म्हटलं की आपल्या कानात काय वाजतं? कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचा १९५९ चा आणि १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह. हजारो बायाबापड्या लेकरं कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या. त्यातून आणि त्यानंतरच्या लढ्यांतून १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरची भूमिहीनांची वहिवाट कायम करण्याचा शासन निर्णय झाला. पण किती घरांच्या नावावर सातबारा झाला? कसतो एक, कागदावर ‘सरकार’.

म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्याला सव्वा लाख. जो चाळीस वर्षे दगड वेचून गायरान कसतो, त्याला एखाद्या सकाळी मोजणीवाला दिसतो. सौर विजेला आमचा विरोध नाही. आमचं म्हणणं इतकंच की जमीन कसणारा या भागीदारीत धरा. भाडं ग्रामपंचायतीला जाणार असेल तर त्यातला हिस्सा त्याला द्या, प्रकल्पावरचं काम त्याच्या पोराला द्या, नाहीतर त्याचं रान त्याला सोडा. आणि हे बोलायला हातात कागद लागतो. आपल्यापैकी निम्म्या घरांची मुळं अक्कलकोट, मोहोळ, बार्शी, करमाळ्याच्या गावांत आहेत. तिथे चुलते, मावळे गायरान कसतात. दंडाच्या पावत्या, पीकपाहणीचे जुने उतारे, पंचनामे, जे असेल ते ट्रंकेतून बाहेर काढा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर दोन तास ते कागद लावून द्यायला आणि अर्ज लिहून द्यायला आम्ही इथे बसू. आपली शिकलेली मुलं बसतील तर आम्हाला चष्मा कमी लागेल.

तेव्हा समितीपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. छताच्या पाण्याचा खड्डा दरवर्षी बुद्ध पौर्णिमेच्या आत साफ करायचा आणि पावसाचं माप विहाराच्या फळ्यावर लिहायचं. ज्वारीच्या थेट खरेदीसाठी महिला मंडळाला विहार निधीतून बिनव्याजी उचल द्यायची. आणि गायरान कागदांचं काम आजपासून सुरू करायचं. कारखान्यांत आणि मागाच्या शेडमध्ये उन्हाळ्याच्या पाळीचं, थंड पाण्याचं आणि पंख्यांचं जे मागणं आहे, ते आमची कामगार मंडळी लढतीलच. त्याचा भार समितीवर टाकत नाही.

बंधू-भगिनींनो, आपली भीमा सोलापूर जिल्हा ओलांडून कर्नाटकात जाते. तिच्याच काठी सन्नतीला सम्राट अशोकाचे शिलालेख सापडले आहेत, आणि जवळच कनगनहळ्ळीला मोठा स्तूप निघाला, त्यात अशोकाचं नाव कोरलेलं शिल्प आहे. वाटसरूंसाठी आणि जनावरांसाठी विहिरी खणल्या, झाडं लावली, असं ज्या राजाने आपल्या लेखांतून लिहून ठेवलं, तो आपल्याच नदीच्या काठी उभा आहे. पुढच्या वर्षी समितीने सहल काढावी. आपण वापरून सोडलेलं पाणी तिथे पोचतं, एवढं जरी पोरांनी पाहिलं तरी पुष्कळ झालं. कृष्णेच्या खोऱ्यातल्या राज्यांचा पाण्याचा तंटा सोडवायला १९६९ साली लवाद नेमावा लागला. वरचा आणि खालचा, दोघांनाही एका पंचासमोर बसावं लागतं, हे रोहिणीपासून चालत आलेलं आहे.

प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे काय, ते भन्तेजी नीट समजावून सांगतील. आम्हाला गिरणीवाल्याला जेवढं कळतं ते असं, हे आहे म्हणून ते आहे. वर पाणी अडलं म्हणून खाली विहीर आहे. कुणीतरी बांधावर माती टाकली म्हणून कुणाच्या तरी घरात डाळिंब आहे. आणि आमच्या भिंतीला पाईप होता म्हणून एका भगिनीच्या कपाळावर टाक्यांचा वण आहे. ती भगिनी आज पलीकडच्या गल्लीतून आपल्या कार्यक्रमाला आलेली आहे, तिसऱ्या रांगेत बसली आहे. त्या वेळी आम्ही पाचांसमोर चूक कबूल केली, पण तिच्यासमोर कधी बोललो नाही. आज या व्यासपीठावरून तिची क्षमा मागतो आणि आमचे चार शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!